लंडनचे एक उद्यान-उपनगर : संकल्प आणि वारसा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला भूगोल शिकवीत. नकाशा समोर आला की नद्या आणि डोंगर याआधी माणसे कोठे राहतात आणि ती तेथेच का राहतात, हे विचारावे, असा त्यांचा आग्रह असे. पुढे नगररचना विभागात माझी सारी नोकरी झाली. तेव्हा हाच प्रश्न मला पोटापाण्यासाठीही विचारावा लागला. व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्याचे निमंत्रण मिळाले त्या वेळी विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी निवडलेला विषय वरवर पाहता दूरचा आहे. लंडनच्या वायव्येस असलेल्या 'हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब' या उपनगराविषयी मी बोलणार आहे. माझी कन्या त्याच बाजूस राहत असल्याने दोन उन्हाळे मला ते उपनगर पायी हिंडून पाहता आले. त्याविषयीचे वाचन मात्र त्याआधी कितीतरी वर्षांपासून चालू होते.

इंदुरात बसून लंडनच्या एका उपनगराची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की हे उपनगर एका संकल्पातून जन्माला आले. श्रीमंत आणि गरीब, कारागीर आणि प्राध्यापक, तरुण आणि वृद्ध यांनी एकमेकांचे शेजारी होऊन राहावे, हा तो संकल्प. त्या गोष्टीला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या संकल्पातले काय टिकले, काय गेले आणि का गेले, हा आजचा विषय आहे. जी जी मंडळी एखादी वसाहत, एखादी संस्था, एखादी शाळा पुढच्या पिढीच्या हाती सोपवू पाहतात, त्या सर्वांना हा प्रश्न लागू पडतो.

या उपनगराची जननी हेन्रिएटा बार्नेट ही स्त्री होय. तिचा जन्म १८५१ सालचा. माहेर सधन होते. केसांना लावावयाच्या 'मॅकॅसर' तेलाच्या व्यापारात तिच्या घराण्याने पैसा मिळविला होता. तरुणपणी ती ऑक्टेव्हिया हिल यांच्या हाताखाली लंडनच्या गरीब भाडेकरूंमध्ये काम करू लागली. १८७३ साली सॅम्युएल बार्नेट या तरुण धर्मोपदेशकाशी तिचा विवाह झाला आणि पतिपत्नींनी पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपेल येथील सेंट ज्यूड चर्चचा कारभार अंगावर घेतला. व्हाइटचॅपेल म्हणजे त्या काळातील लंडनची अत्यंत दाटीची, रोगराईची आणि दारिद्र्याची वस्ती. या दांपत्याने तेथे दोनतीन वर्षे नव्हे, तर आयुष्याची उमेदीची तीन दशके काढली. विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत येऊन राहावे, शिकवावे आणि शिकावे, यासाठी १८८४ साली त्यांनी टॉयन्बी हॉलची स्थापना केली. व्हाइटचॅपेलच्या लोकांना उत्तम चित्रे पाहावयास मिळावीत म्हणून त्यांनी प्रदर्शने भरविली आणि त्यांतूनच १९०१ साली तेथे कायमचे कलादालन उभे राहिले. शहरातील मुलांना उन्हाळ्यात काही दिवस खेड्यावर पाठविण्याच्या कार्यातही हेन्रिएटाबाई अग्रभागी होत्या.

हा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे, की हे उपनगर कोणा जमीनदाराच्या किंवा बांधकाम व्यावसायिकाच्या डोक्यातून निघालेले नाही. चाळीत राहणाऱ्या माणसांचे संसार रोज जवळून पाहणाऱ्या बाईच्या मनात ते उगवले. व्हाइटचॅपेलमध्ये तिने एक गोष्ट पाहिली होती. गरीब वस्तीत फक्त गरीब राहतात आणि श्रीमंत वस्तीत फक्त श्रीमंत. दोघांची गाठ पडते ती केवळ मालक आणि नोकर म्हणून, किंवा दाता आणि याचक म्हणून. शेजारी म्हणून ती कधीच पडत नाही. दानधर्माने हे अंतर भरून येत नाही, असा तिचा अनुभव होता. घराला घर लागून असेल, मुले एका शाळेत जातील, बाग एकच असेल, तरच ते भरून येईल, अशी तिची श्रद्धा होती.

आता जमिनीची हकिकत. लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेड हीथ नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. त्याच्या कडेला बार्नेट दांपत्याने विश्रांतीसाठी १८८९ मध्ये एक घर घेतले होते. त्या घराच्या पलीकडे वाइल्ड्स फार्मची शेते पसरलेली होती. ही जमीन पंधराव्या शतकापासून सुप्रसिद्ध ईटन विद्यालयाच्या मालकीची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स यर्कीझ या अमेरिकन भांडवलदाराने तेथून भुयारी रेल्वे नेण्याचे ठरविले. रेल्वे आली की घरांच्या रांगा येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. हेन्रिएटाबाईंनी १९०३ पासून चळवळ उभारली आणि हीथला लागून असलेली ८० एकर जमीन वर्गणीतून विकत घेऊन ती लंडन कौंटी कौन्सिलच्या स्वाधीन केली. या खरेदीमुळे एक मौजेची गोष्ट घडली. नॉर्थ एंड येथे जमिनीखाली रेल्वे स्थानकाचे बरेचसे बांधकाम झाले होते. पण वर वस्तीच होणार नाही म्हटल्यावर उतारू कोठून येणार? ते स्थानक प्रवाशांसाठी कधी उघडलेच नाही. आजही नॉर्दर्न लाइनच्या गाड्या त्या अंधाऱ्या फलाटाजवळून धडधडत जातात.

मोकळी जागा वाचली. परंतु उरलेल्या शेतांवर घरे होणारच होती. मग ती कशी व्हावीत, हे आपणच का ठरवू नये, असा विचार बाईंनी केला. ईटनच्या विश्वस्तांना एकट्या स्त्रीशी एवढा मोठा व्यवहार करणे अवघड वाटले. तेव्हा त्यांनी दोन अर्ल, एक बिशप आणि काही कायदेपंडित अशी भारदस्त मंडळी आपल्या पाठीशी उभी केली. १९०६ साली विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी २४३ एकर जमीन तिच्या ताब्यात आली. संस्थेच्या भांडवलावरील लाभांशाला शेकडा ५ ची मर्यादा घालून घेण्यात आली. २ मे १९०७ रोजी हेन्रिएटाबाईंच्या हस्ते पहिले ढेकूळ खणले गेले. २२ जूनला गोल्डर्स ग्रीनपर्यंत भुयारी रेल्वे सुरू झाली. त्या वेळी गोल्डर्स ग्रीन म्हणजे शेतांच्या मधोमध असलेला एक चौरस्ता होता.

आखणीसाठी रेमंड अन्विन यांची निवड झाली. अन्विन आणि त्यांचे सहकारी बॅरी पार्कर यांनी याआधी लेचवर्थ या पहिल्या उद्यान-नगराची आखणी केली होती. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतील उद्यान-नगर हे कारखाने, शेती, बाजार यांसह स्वयंपूर्ण असावयाचे होते. उद्यान-उपनगर तसे नव्हे. तेथे फक्त राहावयाचे; कामासाठी शहरातच जावयाचे. हा भेद लहान वाटतो, पण पुढे त्याचे मोठे परिणाम झाले.

अन्विन यांच्यापुढे पहिली अडचण आली ती नियमांची. त्या काळच्या नियमांनुसार प्रत्येक नवीन रस्ता ४० फूट रुंद ठेवावा लागे. रोगराईला आळा बसावा म्हणून हे नियम झाले होते. पण त्यांच्यामुळे सारी उपनगरे एकाच साच्याची होऊ लागली, सरळ रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना चिकटलेल्या घरांची भिंत. एवढ्या रस्त्याचा खर्च घरांवर पडे आणि तो भरून काढण्यासाठी घरे आणखी दाटीने बांधली जात. १९०६ साली संसदेकडून खास या उपनगरापुरता कायदा करून घेण्यात आला. एकरी सरासरी ८ पेक्षा अधिक घरे नकोत, समोरासमोरच्या घरांत निदान ५० फुटांचे अंतर असावे, आणि त्या बदल्यात पुढे बंद होणाऱ्या लहान गल्ल्यांचा रस्ता २० फुटांचा चालेल, असा तो सौदा होता. रस्त्यावर वाचलेली जागा बागांना आणि खेळण्याच्या हिरवळींना मिळाली. घरांमध्ये भिंती नकोत, हिरवी कुंपणे असावीत. वनराई आणि बागा सर्वांना खुल्या असाव्यात. चर्चच्या घंटांचाही नाद नको, इतकी शांतता असावी, असे दंडक ठरले. दारूचा गुत्ता तर नाहीच नाही. आणि या साऱ्यांच्या आधी, सर्व वर्गांच्या आणि सर्व उत्पन्नांच्या लोकांना येथे जागा असावी, हा मुख्य दंडक.

तो अमलात कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. हेन्री व्हिव्हियन हे मूळचे सुतार, कामगार चळवळीतले कार्यकर्ते आणि पुढे पार्लमेंटचे सभासद. त्यांनी 'सहभागीदार भाडेकरू' ही पद्धत रूढ केली होती. १९०७ साली स्थापन झालेली हॅम्पस्टेड टेनंट्स ही संस्था याच पद्धतीवर चालली. रहिवासी संस्थेचे भागधारक होत आणि तिचेच भाडेकरूही. भांडवलावर ठरावीक लाभांश दिल्यानंतर जो नफा उरे तो भाडेकरूंच्या खात्यावर भाग म्हणून जमा होई. घर कोणा एकाचे नाही, पण सर्वांचे आहे, असा हा मधला मार्ग होता.

यानंतर जी वेगवेगळी घरे उठली त्यांची नुसती यादी केली तरी बाईंच्या मनाचा विस्तार समजतो. उत्तरेकडे कारागिरांची कौलारू, बैठी दिसणारी जोडघरे. एकेकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी 'ऑर्चर्ड' नावाची चौकोनी वास्तू. नोकरी करणाऱ्या अविवाहित स्त्रियांसाठी बेली स्कॉट यांनी १९०९ मध्ये बांधलेले 'वॉटरलो कोर्ट'. मध्यभागी अंगण आणि सभोवार कमानींच्या पडव्या असलेली ही वास्तू पाहताना मला आपल्या चौकाच्या वाड्याची आठवण झाली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, युद्धविधवांसाठी घरे. स्त्रीने मिळवावे आणि एकटीने सन्मानाने राहावे, ही गोष्ट त्या वेळच्या इंग्लंडमध्येही सहज मानली जात नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

टेकडीच्या माथ्यावरील मध्यवर्ती चौक एडविन लट्येन्स यांच्याकडे सोपविण्यात आला. हेच लट्येन्स पुढे नव्या दिल्लीचे शिल्पकार झाले. सेंट ज्यूडचे उंच शिखराचे चर्च, त्यासमोर दुसऱ्या पंथीयांचे घुमटाचे फ्री चर्च आणि दोहोंच्या मध्ये ज्ञानदानाची संस्था, अशी ही रचना आहे. सेंट ज्यूड हे नाव व्हाइटचॅपेलहून आले. चर्चमध्ये एक साधेसे स्मारक आहे, ते पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या घोड्यांचे. चौक देखणा आहे, यात वाद नाही. परंतु तेथे दुकान नाही, चहापाण्याची जागा नाही, बाकावर बसून गप्पा छाटण्याचे निमित्त नाही. राजवाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला तेथे प्रथम जाणवतो तो शुकशुकाट. वास्तुकाराने शिखर दिले, बाईंनी शांतता दिली. पण चौकाला माणसे लागतात, आणि माणसांना काहीतरी काम लागते, ही गोष्ट दोघांच्याही आराखड्यातून निसटली असे मला वाटते.

तथापि सुरुवातीच्या वर्षांत माणसांची वाण नव्हती. विलिफील्ड ग्रीन या हिरवळीवर रहिवाशांचे सभागृह झाले. सायंकाळी व्याख्याने, नाटके, वादविवाद, गायन. संध्याकाळचे वर्ग १९०९ पासून सुरू झाले. रहिवासी संघ १९११ साली स्थापन झाला आणि तो आजही काम करीत आहे. क्वेकर पंथीयांचे प्रार्थनामंदिर १९१३ पर्यंत उभे राहिले. घरामागच्या अंगणांना जोडणाऱ्या पायवाटा आणि भाजीपाल्याचे वाफे यांमुळे शेजाऱ्यांची गाठ पडेच पडे. शाकाहारी, साधी राहणी पसंत करणारे, पायांत चपला घालून हिंडणारे, जगाला सुधारावयास निघालेले लोक म्हणून या उपनगरवासीयांची बाहेर टिंगलही होई. इंदूरच्या मराठी समाजाला हे वातावरण परके वाटू नये. गणेशोत्सवातील व्याख्याने, वाचनालये, हौशी नाट्यमंडळ्या आणि त्यांतील मतभेद यांवरच आपल्या तीन पिढ्या वाढल्या आहेत.

आपला आणि या उपनगराचा संबंध येथे संपत नाही. १९१० च्या ऑक्टोबरात लंडनला वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने नगररचनेची आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. अन्विन तिच्या सूत्रधारांपैकी होते आणि तेथे 'शहरांचे प्रदर्शन' मांडणाऱ्यांत पॅट्रिक गेडिस हे नाव होते. गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या कारकिर्दीत त्यांनी आपल्या शहराचा जो अहवाल लिहिला, तो १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगच्या साथीने ग्रासलेल्या इंदुरात त्यांनी स्वच्छतेची मिरवणूक काढली, ज्या मोहल्ल्यातील लोक आपली घरे व गल्ली झाडूनपुसून स्वच्छ करतील त्या मोहल्ल्यातून ती जाईल असे जाहीर केले, ही कथा त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वात स्वच्छ शहर म्हणून मान मिळविणाऱ्या इंदूरकरांनी तिचे स्मरण ठेवावे. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दाट वस्तीतून सरसकट रुंद रस्ते फोडणे म्हणजे सुधारणा, हे मत गेडिस यांना मान्य नव्हते. जेवढे नासले आहे तेवढेच काढावे आणि उरलेले जपावे, असे ते सांगत. रुंद रस्त्याच्या नियमाविरुद्ध संसदेपर्यंत गेलेले हॅम्पस्टेड आणि गल्लीबोळांची बाजू घेणारे गेडिस एकाच विचाराचे दोन किनारे होत.

दुसरा धागा मुंबईचा. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मालमत्ता संस्थेची आणि सभासद तिचेच भाडेकरू, हे तिचे सूत्र व्हिव्हियन यांच्या सहभागीदारीच्या पद्धतीशी जवळचे नाते सांगते. आज महाराष्ट्रात आणि त्याबाहेर ज्या असंख्य 'सोसायट्यां'मध्ये आपले आप्तेष्ट राहतात, त्यांच्या वंशवृक्षाची एक फांदी सुताराच्या या हिशेबापर्यंत पोचते.

श्रोतेहो, येथवर उभारणीची गोष्ट झाली. आता अवघड भाग.

हेन्रिएटाबाईंचा संकल्प पहिल्या दिवसापासूनच अडखळत होता. व्हाइटचॅपेलचा हमाल, गोदीवरचा रोजंदार मजूर येथे राहावयास येऊ शकला नाही. कमी ठेवलेले भाडेदेखील त्याला झेपणारे नव्हते, आणि कामावर जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे त्यावर आणखी. उपनगरात कारखाना नव्हता, बाजार नव्हता. म्हणजे जवळपास त्याला काम नव्हते. मघाशी मी ज्या लहान भेदाचा उल्लेख केला त्याचा हा परिणाम. आले ते कसबी कारागीर, कारकून, शिक्षक आणि त्यांच्या वरचे लोक. आखणीतही कारागिरांची घरे एका टोकाला आणि हीथकडे तोंड केलेले बंगले दुसऱ्या टोकाला, अशी विभागणी झालीच. शेजार झाला, पण जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवरच्या लोकांचा.

महायुद्धानंतर उपनगर पूर्वेकडे वाढले. तेथे प्रामुख्याने मोठी घरे झाली. उपनगराच्या मधून मोटारींचा हमरस्ता गेला आणि त्याचे दोन तुकडे पडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, विलिफील्ड ग्रीनवरील सभागृह बाँबने उद्ध्वस्त झाले. तेथे नंतर वृद्धांसाठी 'फेलोशिप हाऊस' झाले. परंतु सर्व वयांच्या आणि सर्व थरांच्या लोकांना रोज एकत्र आणणारी जी जागा गेली ती गेलीच. सहभागीदार भाडेकरूंच्या संस्था पुढील दशकांत हळूहळू खासगी मालमत्ता-कंपन्यांच्या हाती गेल्या. मग १९६७ चा कायदा आला. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांना जमिनीची मालकी विकत घेण्याचा हक्क त्याने दिला. भाडेकरूच्या दृष्टीने तो न्याय्य होता. परंतु जमिनीचा मालक या नात्याने विश्वस्त संस्था जो अंकुश ठेवीत असे, तो आता सुटणार, अशी भीती निर्माण झाली. रहिवासी जागे झाले. १९६८ साली नवी विश्वस्त संस्था स्थापन झाली, त्याच वर्षी उपनगराला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि १९७४ मध्ये न्यायालयाने व्यवस्थापन योजनेला मान्यता दिली. घराची मालकी तुमची असली तरी कुंपण काढावयाचे, झाड तोडावयाचे किंवा दर्शनी खिडकी बदलावयाची, तर संस्थेची परवानगी लागते. आजही लागते.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातील गल्ली आणि आजची गल्ली यांत झाडांच्या उंचीखेरीज फारसा फरक दिसत नाही. आमच्या नगररचना खात्याच्या फायलींतून किती सुंदर आराखडे मी धुळीस मिळताना पाहिले आहेत, ते आठवले की या जतनापुढे हात जोडावेसे वाटतात. पण ज्या जोडघरात १९१० साली एखादा सुतार किंवा छापखान्यातील जुळारी राहत असेल, ते घर आज त्याच्या पणतूच्या स्वप्नातही येणार नाही, इतकी त्याची किंमत झाली आहे. उपनगर जितके सुंदर राहिले तितके ते महाग झाले, आणि जितके महाग झाले तितके एका वर्गाचे झाले. या सौंदर्याचीच किंमत संकल्पाने मोजली.

मग विचार येतो, की असे का व्हावे? बाईंचा हेतू डळमळीत होता असे कोणी म्हणणार नाही. १९३६ साली वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला, तोपर्यंत त्या उपनगराच्या प्रत्येक प्रश्नात लक्ष घालीत होत्या. माझे उत्तर असे आहे. त्यांनी दोन वचने दिली होती, एक सौंदर्याचे आणि एक शेजाराचे. सौंदर्याच्या वचनाला पहारेकरी मिळाले. एकरी किती घरे, किती फुटांवर, कुंपण कसले, हे मोजता येते. म्हणून ते कायद्यात लिहिता आले, आणि मोडणाऱ्याला न्यायालयात खेचता आले. शेजाराच्या वचनाला असा पहारेकरी कोणीच नव्हता. अमुक इतकी घरे अमुक उत्पन्नाच्या लोकांसाठी कायमची राखून ठेवावीत, असे बंधन ज्या घट्टपणे कुंपणांना लागू झाले त्या घट्टपणे माणसांना लागू झाले नाही. तो सद्हेतूवर सोडला गेला. आणि सद्हेतू हा हयात माणसाबरोबर जगतो, त्याच्या पश्चात त्याला कोणीतरी दत्तक घ्यावे लागते.

मात्र सारेच बुडाले असे मी म्हणणार नाही. ज्या ज्या ठिकाणी शेजाराला दार, खोली आणि रोजचे काम मिळाले, तेथे तेथे तो काही अंशी टिकला. १९३० च्या दशकात जर्मनी आणि मध्य युरोपातून नाझींच्या छळामुळे परागंदा झालेले ज्यू लोक या भागात येऊ लागले. उपनगरातील सिनेगॉगची स्थापना १९३४ सालची. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या पत्नीने, दोन चर्चे माथ्यावर ठेवून वसविलेल्या या वसाहतीचा ज्यू समाज हा पुढे अविभाज्य घटक झाला. हे सहज घडले नाही. सब्बाथच्या दिवशी धर्मनिष्ठ ज्यू घराबाहेर काही वाहून नेत नाहीत. बाबागाडी किंवा चाकांची खुर्चीही ढकलत नाहीत. परिसराभोवती खांब आणि तारा यांची प्रतीकात्मक सीमा, तिला 'एरुव्ह' म्हणतात, असेल तर ते त्यांना करता येते. अशी सुमारे ११ मैलांची सीमा आखण्याची योजना निघाली तेव्हा दहा वर्षांहून अधिक काळ वाद चालला. हे खांब परिसराची शोभा बिघडवतील, असे विरोधकांचे म्हणणे. अखेर २००३ साली एरुव्ह अस्तित्वात आली. तारा आज शोधूनही चटकन दिसत नाहीत. आणि शनिवारी सकाळी तान्ह्या मुलांना घेऊन आया आणि चाकांच्या खुर्चीतून आजोबा बाहेर पडतात. शोभा आणि शेजार यांत निवड करण्याची पाळी आली, तेव्हा या एका प्रसंगी तरी शेजार जिंकला. हेन्रिएटाबाई असत्या तर त्यांनी कोणती बाजू घेतली असती, याविषयी मला फारशी शंका नाही.

दुसरे उदाहरण शाळेचे. चौकातील ज्ञानसंस्थेच्या वास्तूत आज हेन्रिएटा बार्नेट यांच्या नावाची मुलींची शाळा भरते. ती १९११ साली सुरू झाली. शासकीय अनुदानावर चालणारी ही शाळा शुल्क घेत नाही. प्रवेश मात्र परीक्षेने मिळतो आणि ती परीक्षा फार कठीण असते. म्हणून येथे सर्वांना समान दार आहे, असे मी म्हणणार नाही. तरीही सकाळी गोल्डर्स ग्रीनच्या बाजूने येणाऱ्या बसमधून ज्या मुली उतरतात त्यांत लंडनच्या नाना भागांतल्या, नाना वर्णांच्या आणि भाषांच्या मुली असतात. भारतीय चेहरेही पुष्कळ दिसतात. ज्यांच्या आईबापांना या उपनगरात एक खोलीही घेता येणार नाही, अशा मुली रोज सहा तास त्याच्या मधोमध बसून शिकतात. व्हाइटचॅपेलच्या बाईंचा संकल्प घरांतून निघून गेला आणि वर्गात येऊन बसला, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

मित्रहो, यातून आपण काय घ्यावे? आपले पूर्वज या माळव्यात शिंदे-होळकरांच्या मागून आले. त्यांनी वाडे बांधले, मंदिरे बांधली, शाळा आणि वाचनालये काढली. वाड्यांचे आता मजले झाले, मालकी बदलली, मुलेबाळे पुण्यामुंबईस आणि त्याही पलीकडे गेली. अशा वेळी 'आपले जपले पाहिजे' हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. जपले तर पाहिजेच. पण जपावयाचे काय, हे आधी ठरवावे लागते. इमारतीची डागडुजी, नावाची पाटी, स्थापना-दिनाचा समारंभ या गोष्टी मोजता येतात, म्हणून त्यांच्यासाठी ठराव होतात, निधी उभा राहतो. ज्या हेतूने संस्था काढली तो हेतू मोजता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी कोणी ठराव करीत नाही.

ही शाळा केवळ मराठी घरांतील मुलांसाठी निघाली नव्हती. माझ्या वर्गात माळवी बोलणारी, उर्दू बोलणारी, गुजराती बोलणारी मुले होती. गिरणीत काम करणाऱ्यांची होती आणि वकिलांचीही. त्यांच्यात मी मराठी शिकलो आणि त्यांच्यामुळे इंदूर शिकलो. आज या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक व्यवहारी सूचना आहे. अमृतमहोत्सवाच्या किंवा शताब्दीच्या निधीतून भिंती रंगवाव्यात, त्याला हरकत नाही. पण त्याच निधीचा एक ठरावीक वाटा, संस्थेच्या घटनेत लिहून, ज्यांना शुल्क झेपत नाही अशा मुलांच्या जागांसाठी कायमचा राखून ठेवावा. सद्हेतू म्हणून नव्हे, नियम म्हणून. पदाधिकारी बदलले तरी जो बदलणार नाही, आणि मोडला तर कोणीही सभासद उभा राहून जाब विचारू शकेल, असा नियम. हॅम्पस्टेडच्या कुंपणांना जे भाग्य लाभले ते आपण माणसांना मिळवून द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.